कौसल्याबाईंचा कचरा परत आणला तेव्हा

मोर छापलेली ती गादी मला तिसऱ्या घरासमोर दिसली, तेव्हा मी थांबले.

"वच्छलाबाई, ही गादी आपण सकाळी गजाननच्या ओट्यावर पाहिली ना?"

"हाव मॅडम."

"मग मघाशी गिरणीशेजारच्या घरात?"

"थीच."

"आणि आता इथे?"

माझ्या हाताखालच्या सफाई कामगार वच्छलाबाईंनी हातमोजे झटकले. "हिंडून राह्यली मॅडम ते. जलमभर एका खोलीत पडून होती, आता गल्ली पाहून राह्यली."

मी डायरी काढली आणि तिन्ही घरांचे क्रमांक लिहून घेतले. गुरुवार होता. नदीकाठच्या त्या गल्लीतून पुराचं पाणी उतरून तिसरा दिवस.

इरा, नील, तुमची आजी नोकरी करायची एवढंच तुम्हाला माहीत आहे. काय करायची, ते आज सांगते. मी नगर पंचायतीत सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. गावातला कचरा, नाल्या, सार्वजनिक संडास आणि डास ज्याच्या नावावर असतात तो माणूस. नागपूरला इंग्रजी शाळेत शिकलेली बाई या कामात कशी, असं लोक आधी विचारायचे. नंतर विचारेनासे झाले. त्या वर्षी माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

गावाचं नाव लिहीत नाही. त्यातली माणसं अजून तिथेच राहतात. नांदुऱ्याहून बसने तासाभराचं, कापसाचं गाव, एवढं पुरे. सोमवारी दुपारी नदीचं पाणी गल्लीत शिरलं आणि मंगळवारी सकाळी उतरलं. सगळे शाळेच्या वरच्या मजल्यावर होते, म्हणून माणूस कुणी गेलं नाही. पण परत आले तेव्हा घरात गाळ होता, आणि गाळात घर होतं.

पुरानंतरचा कचरा रोजच्या कचऱ्यासारखा नसतो. कोरडी गादी एक माणूस उचलतो. पाणी प्यायलेल्या गादीला तिघं लागतात. प्लायवूडचं कपाट हात लावताच पुठ्ठ्यासारखं सुटतं. ज्वारी दोन दिवसांत आंबते, मग तिला कोंब फुटतात, मग माश्या येतात, आणि त्यानंतर दवाखान्यात रांग लागते. म्हणून आमच्या कामात पुरानंतरचे पहिले चार दिवस सगळ्यात महत्त्वाचे. त्या चार दिवसांत घरातली घाण गावाबाहेर गेली पाहिजे.

मंगळवारी दुपारीच मी घंटागाडी पाठवली. घंटागाडी म्हणजे दारोदार फिरून कचरा घेणारी गाडी. ड्रायव्हरने सवयीने रोजचीच टेप लावली, ओला कचरा वेगळा द्या, सुका वेगळा द्या. एक म्हातारी ओट्यावरून ओरडली, "काय सुकं दिसून राह्यलं बे तुले इथं?" मी टेप बंद केली आणि माईक स्वतः हातात घेतला. खराब झालेलं सगळं सामान दाराबाहेर काढा, उद्या सकाळी गाडी घेऊन जाईल, असं तीन वेळा सांगितलं.

बुधवारी सकाळी गाडी गेली आणि जवळजवळ रिकामी परत यायला निघाली. लोक कचरा देईनात. सीओ साहेबांचा, म्हणजे आमच्या मुख्याधिकाऱ्यांचा फोन आला.

"मॅडम, शनिवारपर्यंत गल्ली रिकामी पाहिजे."

"सर, लोक कचरा देत नाहीयेत."

"कचरा कुणाला हवा असतो?"

"हा हवा आहे, सर."

कारण होतं पंचनामा. पंचनामा म्हणजे सरकारी माणसाने गावातले पंच सोबत घेऊन, डोळ्यांनी पाहून लिहिलेला कागद. कुणाचं काय बुडालं, ते त्यात असतं. त्यावरून यादी होते आणि यादीवरून धान्य, अंथरूण, मदत मिळते. दाखवायला काही नसेल तर लिहिणार काय? म्हणून कुजकी ज्वारी आणि ओल्या गाद्या लोकांनी ओसरीवर राखणीला ठेवल्या होत्या. गल्लीभर एकच वाक्य फिरत होतं: गादी दिसली तरच नाव लागते.

संबंध गल्लीत एकाच बाईने माझं ऐकलं. त्या कौसल्याबाई.

त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी सकाळी उठून झाडायचं, पुसायचं, भांडी पालथी घालायची ही शिस्त अंगातून गेली नव्हती. मुलगी हिवरा आश्रमला दिलेली, घरात त्या एकट्याच. बुधवारी गाडी दाराशी गेली तेव्हा ओट्यावर आठ गाठोडी ओळीने मांडून ठेवलेली. प्रत्येक गाठोडं जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेलं. भिजलेल्या गोधड्या घड्या करून. फुटक्या काचा वेगळ्या डब्यात, आणि डब्यावर विटकरीने 'काच' असं लिहिलेलं.

वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून पाहतच राहिल्या. "काकू, कचरा हाय का रुखवत हाय हे?"

"तुमच्या हाताले लागू नाई म्हून बांधलं," कौसल्याबाई म्हणाल्या.

तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या माणसांच्या हाताचा विचार करून कचरा देणारी माणसं मी बोटांवर मोजली आहेत. मी तिथेच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांचं कौतुक केलं. मग गाठोडी, गादी, पत्र्याची कोठी, सुटलेलं कपाट, सगळं गाडीत चढवलं आणि गाडी डेपोला पाठवली. फोटो काढला नाही. चूक झाली ती इथे, आणि ती माझी.

गुरुवारी दुपारी तलाठी आले. तलाठी म्हणजे महसूल खात्याचा गावातला माणूस. शेतीचे कागद त्यांच्याकडे असतात आणि आपत्ती आली की पंचनामेही त्यांच्याकडेच. आमचे तलाठी देऊळगाव राजाकडचे, तिशीतले, तीन गावांचा भार एकट्यावर. बूट कुठे संपतात आणि गाळ कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. नगर पंचायतीतर्फे सोबत मी होते. घरं पाहत पाहत आम्ही कौसल्याबाईंच्या दाराशी आलो.

ते उंबऱ्यातच थबकले. आत शहाबादी फरशी आरशासारखी. फिनेलचा वास. चार भांडी फळीवर पालथी. पूर येऊन गेलेल्या घरात भिंतीवर पाणी चढलेल्या उंचीची मातकट रेघ असते. पंचनाम्याला आलेला माणूस आधी तीच बघतो. कौसल्याबाईंनी ती रेघ काथ्याने घासून काढली होती आणि वरून चुन्याचा हात मारला होता.

"काकू, तुमच्याकडं पाणी आलंच नाही वाटतं?"

"आलं ना बाप्पा. कमरेले लागत होतं."

"मग रेघ कुठंय?"

"घासली."

"आणि सामान?"

"मॅडमच्या गाडीत देल्लं. मॅडमनंच सांगतलं होतं."

तलाठ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वच्छलाबाईंकडे पाहिलं. वच्छलाबाईंनी आढ्याकडे पाहिलं.

"मॅडम," ते म्हणाले, "पंचनामा आता मोबाईलवर होतो. खराब सामानाचा फोटो टाकल्याशिवाय ॲपचं पुढचं पान उघडत नाही."

"पण मी सांगते आहे ना, पाणी होतं."

"तुमचा फोटो चालत नाही त्याला."

त्यांनी कागदावर 'नुकसान निरंक' लिहिलं. निरंक म्हणजे काहीच नाही. यादी शुक्रवारी संध्याकाळी तहसीलला जायची होती. नाव राहिलं तर कौसल्याबाईंना धान्य नाही, अंथरूण नाही, काहीच नाही. त्या रात्री त्या कशावर झोपणार होत्या, हे मला दिसत होतं. फरशीवर. स्वच्छ फरशीवर.

"राहू द्या मॅडम," त्याच मला म्हणाल्या. "गाळ तं गेला ना घरातला." आणि तलाठ्यांचे बूट जिथे टेकले होते तिथे त्यांनी ओलं फडकं फिरवलं.

गल्लीत बातमी पसरायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. गजानन नावाचा एक ऑटोवाला तिथे राहायचा, मोराच्या गादीचा मालक. तो भर रस्त्यात मला म्हणाला, "मॅडम, जिनं तुमचं आयकलं तिचंच घर निरंक झालं. आमचा कचरा आमच्यापाशीच बरा हाय."

त्याचं बरोबर होतं. कौसल्याबाईंचं नाव लागलं नाही, तर यापुढे माझ्या सांगण्यावरून कुणी फाटकी चिंधीही देणार नव्हतं. गल्ली कुजणार होती. आणि ज्या एका बाईने माझ्यावर विश्वास टाकला, तिला मीच बुडवलं होतं. पुराने अर्धंच बुडवलं होतं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता वच्छलाबाईंना घेऊन मी डेपोवर गेले. डेपो म्हणजे गावाबाहेरची कचरा टाकायची जागा. तिथे माझा एक नियम होता, ज्याला ऑफिसात सगळे हसायचे. प्रत्येक खेपेचा ढीग वेगळा, डावीकडून उजवीकडे ओळीत, आणि प्रत्येकात एक काठी रोवून तिला चिंधी. दर वाराची चिंधी वेगळ्या रंगाची. ओला कापूस आणि धान्य आतून तापतं, कधीकधी धुमसायला लागतं. कुठला ढीग किती जुना आहे ते एका नजरेत कळावं म्हणून हा खटाटोप. बुधवारची चिंधी पिवळी. मी पिवळ्या चिंधीचा पहिला ढीग शोधायला लागले. त्या खेपेत गावातल्या दुसऱ्या गल्ल्यांचाही कचरा होता.

"काठी तुमाले लागते मॅडम. मले नाई लागत," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी कचरा पाहून घर सांगतो. कोनाची सून माहेरी गेली, कोनं दारू सोडली, कोनं परत धरली, समदं समजते."

"कधी बोलला नाहीत ते?"

"सांगाले थोडीच समजते ते. समजते आन मनात राह्यते."

त्या सरळ ढिगावर चढल्या आणि गाळातून एक लुगड्याचा काठ ओढला. "पाहा. ही गाठ कौसल्याकाकूची. बाकीच्यायचं तं सुटलं समदं, हिचं एक गाठोडं सुटलं नाई."

अर्ध्या तासात आठही गाठोडी निघाली. गादी निघाली. कोठी निघाली. काचांचा डबासुद्धा निघाला, विटकरीची अक्षरं पुसट झालेली. वच्छलाबाईंनी सगळं बाजूला एका ओळीत लावलं. त्या गाठोड्यांपाशी असलं की माणसाला ओळीतच लावावंसं वाटत असावं.

मी तलाठ्यांना फोन केला. ते मोटारसायकलवर आले, नाकाला रुमाल बांधून. एकेक वस्तू पाहिली, मान डोलावली, फोटो काढला. मग मोबाईलकडे बघत उभेच राहिले.

"काय झालं?"

"लोकेशन जुळत नाही म्हणतंय. फोटो घराच्या जागेवरच काढला पाहिजे. ॲपच्या मते हे कौसल्याबाईंचं घर नाही."

"लय हुशार हाय तुमचं ॲप," वच्छलाबाई म्हणाल्या.

तलाठी हसले नाहीत. ते चांगलेच माणूस होते, फक्त फार थकलेले. म्हणाले, "मॅडम, मला पटतंय हो. मला पटून काय उपयोग? सामान घरी असतं तर एका मिनिटाचं काम होतं."

मी ढिगाकडे पाहिलं, मग घंटागाडीकडे. आमच्या खात्यात एक गोष्ट कधीच करत नाहीत. डेपोवर गेलेला कचरा वस्तीत परत आणत नाहीत. मी स्वतः तीस वर्षं हे नव्या लोकांना शिकवत आले होते. सीओ साहेबांना फोन लावला.

"सर, कौसल्याबाईंचा कचरा मी परत त्यांच्या घरी नेते आहे."

"मॅडम, तुम्ही कचरा गावात परत आणणार?"

"अर्ध्या तासासाठी. खाली प्लास्टिक अंथरते, वर ब्लीचिंग मारते, फोटो झाला की उचलते."

"कुणी विचारलं तर?"

"माझ्या सहीने केलं म्हणा. आठ महिने राहिलेत माझे."

"तुम्ही हे कराल असं मला कधी वाटलं नव्हतं."

"मलाही नाही, सर."

घंटागाडी भरून गल्लीत शिरली तेव्हा लोक ओट्यांवर येऊन उभे राहिले. कचरा घेऊन येणारी गाडी कुणी कधी पाहिली नव्हती. कौसल्याबाई दारात झाडू घेऊन उभ्या.

"मॅडम, हे काय करून राह्यले तुमी? दोन दिवस कंबर मोडून काढलं मी हे, आन तुमी परत आनलं?"

"अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे, कौसल्याबाई."

"गुरुवारी फरशी धुतली मी. आज सकाळी परत धुतली."

मी खाली प्लास्टिक घातलं, तेव्हा कुठे त्या बाजूला झाल्या. पण तलाठ्यांना त्यांनी बूट बाहेर काढायला लावले. आणि मग आमच्या डोळ्यांदेखत सामान मांडायला लागल्या. गादी खाटेवर, कडेला कडा जुळवून. गोधड्या पायथ्याशी. कोठी कोपऱ्यात तिच्या जागेवर. गाठोडी भिंतीला टेकवून, उंचीप्रमाणे.

तलाठ्यांनी मोबाईल धरला आणि खाली घेतला. "काकू, फोटोत हे बुडालेलं घर वाटतच नाही. जरा विस्कटा."

"विस्कटू?"

"थोडंसं."

"मी?"

त्यांनी खरंच प्रयत्न केला. एक गोधडी उचलली, खाली टाकली, आणि हात आपोआप पुढे जाऊन तिची घडी घालायला लागला. वच्छलाबाई हसून हसून दाराला टेकल्या. शेवटी त्यांनीच पुढे होऊन एका झटक्यात दोन गाठोडी उलटी केली. काळं पाणी आणि कोंब आलेली ज्वारी प्लास्टिकवर पसरली. कौसल्याबाईंनी डोळे मिटून घेतले. फोटो निघाला. लोकेशन जुळलं.

आता पाण्याची उंची लिहायची होती आणि पंच हवे होते. गजानन आपणहून आत आला, चपला बाहेर काढून. आल्या आल्या त्याने दार ओढून पुढे घेतलं आणि दारामागची भिंत दाखवली. तिथे काथ्या पोचला नव्हता. वीतभर जागेत मातकट रेघ जशीच्या तशी होती, माझ्या कमरेच्या वर.

"हे राह्यलं व्हय?" कौसल्याबाई म्हणाल्या आणि फडकं शोधायला लागल्या. आम्ही चौघांनी एकदम ओरडून त्यांना थांबवलं.

गजाननने सही केली. आता विषय निघालाच होता, म्हणून मी डायरी काढली. "गजानन, तुमची मोराची गादी तीन घरांत कशी गेली?"

त्याची मान खाली गेली. मग तो म्हणाला, "मॅडम, त्या दोन घरायच्या गाद्या वाहूनच गेल्या. धारेतच घरं हायेत त्यायची. गादी दिसली तरच नाव लागते म्हने. त्यायच्यापाशी दाखवाले काई नव्हतं. माही तं बुडालीच होती. म्हून देल्ली."

मी डायरी मिटली. दोन दिवस मी त्या गादीला लबाडी समजत होते. ती उसनी दिलेली गादी होती. साखर देतात, विरजण देतात, तशी.

तलाठ्यांनीही ऐकलं होतं. ते म्हणाले, "अहो, वाहून गेलं तर वाहून गेलं असं लिहिता येतं. पंचांनी सांगायचं फक्त. मला कुणी सांगितलंच नाही."

"तुमी इचारलंच नाई ना साहेब. तुमी निस्तं मोबाईलकडं पाहत होते," गजानन म्हणाला.

तलाठ्यांनी मोबाईल खिशात ठेवला. दोन्ही घरी ते परत गेले, आणि या वेळी आधी बसले, विचारलं, मग लिहिलं.

कौसल्याबाईंच्या कागदावरचा 'निरंक' त्यांनी खोडला. शेऱ्याच्या जागी जे लिहिलं ते मी वाचलं: घर अतिशय स्वच्छ आहे, तरीही नुकसान झालेले आहे. सरकारी कागदावर 'तरीही' हा शब्द मी पहिल्यांदा पाहिला.

पुढचं काम आपोआप मार्गी लागलं. पुढे तलाठी, मागे घंटागाडी. ते एका घरातून बाहेर पडले की वच्छलाबाई आत. फोटो झालेलं सामान लोक स्वतः उचलून देत होते. मोराची गादी गजाननने आणि दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून चढवली. "सांभाळून न्या मॅडम," तो म्हणाला, "तीन घरची हाय ते." यादी संध्याकाळी तहसीलला गेली, कौसल्याबाईंचं नाव होतं. शनिवारी दुपारी गल्ली रिकामी झाली. ब्लीचिंगचा वास दोन दिवस राहिला, आणि दवाखान्यात रांग लागली नाही.

हे आधीच सुचायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. तलाठ्यांचं ऑफिस आणि आमचं ऑफिस यांच्यामध्ये एक रस्ता आहे आणि एक पानटपरी आहे. तो रस्ता ओलांडायला आम्हाला चार दिवस लागले.

डायरीतलं ते पान मी अजून ठेवलं आहे. तीन घरांचे क्रमांक, आणि खाली मी नंतर लिहिलेली ओळ: चौकशी केली, गादी उसनी, नुकसान खरं.

मागच्या सुट्टीत तुम्ही दोघं हसला होतात की आजी कपाट आवरायच्या आधी त्याचा फोटो का काढते. आता कळलं असेल. घर आवरणं चांगलंच, रोज आवरा. फक्त आधी एक फोटो काढा. आणि शेजारी गादी मागायला आला, तर ओली असली तरी द्या.